पंचमावर अडकलेला तास: एका चाइम घड्याळाच्या दुरुस्तीची हकिगत

ही हकिगत एका घरातल्या एका घड्याळाची आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितो आहे, पण ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घड्याळात बिघाड अगदी किरकोळ होता. तरीही तो सापडायला मला नऊ दिवस लागले आणि शेवटी तो मी शोधलाच नाही, दृष्टी अधू झालेल्या एका आजींनी फोनवरून सांगितला. लिहायचं कारण तेच.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत झाली. दोन वर्षं भाड्याच्या घरात काढून हे कुटुंब चौथ्या मजल्यावरच्या नव्या घरात परत आलं. घरात ऐंशी पार केलेल्या आजी, मुलगा, सूनबाई आणि कॉलेजात जाणारा नातू. सामानात भिंतीवरचं एक जर्मन घड्याळ होतं. आजोबा सत्तरच्या दशकात कारखान्याच्या कामासाठी काही महिने जर्मनीत होते, तेव्हा येताना त्यांनी ते आणलं होतं. अक्रोडी रंगाची पेटी, पितळी लंबक आणि तबकडीवर चावीची तीन भोकं.

जाणकाराला तीन भोकं दिसली की पुढचं कळतं. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या लंबकाच्या घड्याळांना दोन भोकं असतात, एक चालण्याचं आणि एक ठोक्यांचं. तिसरं भोक असेल तर ते घड्याळ ठोक्यांखेरीज दर पंधरा मिनिटांनी चाल वाजवतं. मधली चावी काट्यांची, डावीकडची तासाच्या ठोक्यांची आणि उजवीकडची चालीची.

काचबिंदूमुळे आजींची नजर गेल्या काही वर्षांत खूपच कमी झाली होती. उजेड-अंधार आणि माणसाची आकृती कळायची, तबकडी नाही. पण त्यांना वेळ विचारावी लागत नसे. घरात कुठेही असल्या तरी चाल कानावर आली की किती वाजले ते त्यांना समजायचं. डोळ्यांत दिवसातून तीनदा दोन वेगवेगळे थेंब घालायचे होते आणि दोन्हींमध्ये थोडं अंतर ठेवायचं होतं. सकाळ-संध्याकाळचे थेंब सूनबाई घालत. दुपारी घरी कुणी नसे, म्हणून दुपारचे आजी स्वतः घालत. त्यांनी त्याची सोय अशी लावली होती: दोनच्या ठोक्यांवर पहिली बाटली, सव्वादोनच्या चालीवर दुसरी. दुसऱ्या बाटलीला ओळखण्यासाठी रबर बँड.

म्हणजे त्या घरात ती चाल हौसेची नव्हती, कामाची होती. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी तेवढी लवकर आली नाही.

ही चाल कशी बांधलेली आहे

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आजींच्या घड्याळात वाजायची ती जगात सर्वांत जास्त ऐकली जाणारी घड्याळाची चाल, वेस्टमिन्स्टर. नाव लंडनच्या संसदेचं असलं तरी ती जन्मली केंब्रिजला. तिथल्या ग्रेट सेंट मेरी चर्चमध्ये १७९३ साली नवं घड्याळ बसवलं, तेव्हा त्यासाठी ही चाल बांधली गेली. तिचं श्रेय साधारणपणे जोसेफ जोवेट या कायद्याच्या प्राध्यापकाला देतात. पुढे १८५९ साली लंडनच्या संसदेच्या मनोऱ्यावर, बिग बेनच्या सोबतीला, तीच चाल घेतली गेली आणि मग जगभरच्या घरांतल्या घड्याळांत ती पोचली.

चालीत सूर फक्त चार. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, रे, ग आणि खाली मंद्रातला पंचम. या चार सुरांच्या उलटसुलट मांडणीतून पाच ओळी होतात, प्रत्येक ओळीत चार स्वर:

पहिली: ग रे सा प
दुसरी: सा ग रे प
तिसरी: सा रे ग सा
चौथी: ग सा रे प
पाचवी: प रे ग सा

सव्वाला पहिली ओळ वाजते. साडेला दुसरी आणि तिसरी. पावणेला चौथी, पाचवी आणि पुन्हा पहिली. तास पूर्ण झाला की दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी अशा चार ओळी आणि त्यानंतर ठोके. तासाभरात एकूण दहा ओळी होतात, म्हणजे पाच ओळींचं चक्र बरोबर दोनदा फिरतं. दिवसाला ९६० स्वर आणि वर १५६ ठोके. उजवीकडची स्प्रिंग सर्वांत दमदार का लागते ते यावरून कळेल.

हार्मोनियमवर या ओळी वाजवून पाहा. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ पंचमावर थांबते, तिसरी आणि पाचवी सा वर येते. त्यामुळे सव्वा आणि पावणे नेहमी पंचमावर संपतात. काहीतरी बाकी आहे, अजून पोचलो नाही, असं वाटत राहतं. साडे आणि पूर्ण तास सा वर येऊन टेकतात. सव्वा, साडे, पावणे यांना स्वतंत्र शब्द असलेल्या आपल्या भाषेतल्या माणसाला ही रचना चटकन उमगावी. अर्धा टप्पा झाला की विसावा, पूर्ण झाला की विसावा, मधल्या दोन्ही ठिकाणी वाट पाहणं. दोनशे वर्षांपूर्वी ज्याने कुणी हे बसवलं त्याच्या कानाला माझा नमस्कार आहे.

घरगुती घड्याळात ही चाल एका रुळावर असते. रुळावर दातेरी चकत्या ओळीने बसवलेल्या असतात. रूळ फिरला की दात हातोडीची शेपटी उचलतो, सोडतो आणि हातोडी धातूच्या लांब दांडीवर पडते. एका पूर्ण फेऱ्यात पाच ओळी. सव्वाला रूळ एक पंचमांश फिरतो, साडेला दोन पंचमांश, पावणेला तीन, तासाला चार.

किती फिरायचं ते रूळ ठरवत नाही. ते ठरवते मोजणीची चकती. तिच्या कडेला चार खाचा असतात आणि खाचांमधली अंतरं एक, दोन, तीन, चार या प्रमाणात. खाच आली की तिच्यात पट्टी पडते आणि चाल थांबते. ही चकती तासाला एकदा फिरते, रूळ दोनदा.

शिवाय या घड्याळांत स्वतःला सुधारून घ्यायची सोय असते. काटे कुणी मागेपुढे केले आणि चाल वेळेशी चुकली, तर पावणेची चाल वाजल्यावर यंत्र अडून बसतं. मिनिटकाट्याच्या नळीवर चार उंचवटे असतात, त्यातला बाराच्या जागेचा सर्वांत उंच. तोच काय तो हा अडसर उचलू शकतो. म्हणून फार तर तासा-दोन तासांत सगळं पुन्हा जुळतं.

पण ही सुधारणा चकती आणि काटा यांच्यातली आहे. चकती आणि रूळ एकमेकांशी बरोबर जुळलेले आहेत की नाहीत, हे त्या सोयीला कळत नाही. रुळाचं चाक त्याच्या दांड्यावर एका बारीक स्क्रूने आवळलेलं असतं. तो स्क्रू सुटून चुकीच्या जागी आवळला गेला, तर घड्याळ वेळेवर, नेमक्या तेवढ्याच ओळी, पण भलत्या ओळी वाजवत राहील. किती वाजतं हा एक प्रश्न आणि काय वाजतं हा दुसरा. मी या दोन प्रश्नांची गल्लत केली.

अडचण

सामान हलवताना घड्याळ बंद पडलं होतं. नव्या घरी आल्यावर कुटुंबाने जवळच्याच एका कारागिराकडे दिलं. त्याने साफ करून, तेल घालून, आठवड्याभरात परत आणून लावलं. चालू झालं, वेळही चोख दाखवू लागलं. घरातल्या इतरांना सगळं ठीक वाटलं.

आजींना वाटलं नाही. सव्वाला ‘साडेची सुरुवात होते आणि मध्येच थांबते’ असं त्या म्हणायच्या. घरच्यांचा समज असा झाला की नव्या घराच्या भिंतींमुळे आवाज वेगळा वाटत असेल किंवा आजींना आता ऐकूही कमी येत असेल. म्हाताऱ्या माणसाच्या तक्रारीला असं उत्तर किती पटकन मिळतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

मग एका दुपारी दुसऱ्या बाटलीतले थेंब दोनदा घातले गेले. सव्वादोनला साडेची पहिली ओळ वाजली आणि थांबली. आजींनी वाट पाहिली, पुढे काही येईना, तेव्हा अंदाजाने थेंब घातले. अडीचला भलतंच काही वाजलं. आपण बसल्या बसल्या पेंगलो, सव्वा आत्ता झाली, असं वाटून त्यांनी पुन्हा घातले. संध्याकाळी बोलण्यात हे निघालं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा एका वेळच्या जादा थेंबांनी काळजीचं कारण नाही, पण असं पुन्हा होऊ देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा मला फोन आला.

समोर असलेले पर्याय

मी गेलो तेव्हा घरात दोन मतं होती आणि दोन्ही विचार करण्यासारखी होती.

नातवाचं म्हणणं, जुनं यंत्र काढून त्या जागी सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन बसवावं. त्यात हीच चाल चिपमध्ये भरलेली असते, कधी चुकत नाही, रात्री अंधार पडला की आपोआप बंद होणारीही मिळतात. चावी द्यायची कटकट नाही. हे सगळं खरं आहे आणि ज्या घरात चावी द्यायला माणूस उरलेला नाही तिथे मी स्वतः हा सल्ला देतो. पण लहानशा स्पीकरचा आवाज पेटीतल्या दांड्यांसारखा घरभर जात नाही आणि आजींना तो स्वयंपाकघरातही ऐकू यायला हवा होता.

मुलाचं म्हणणं, बोलणारं घड्याळ घ्यावं. बटण दाबलं की वेळ सांगतं. घेऊनही झालं होतं. आजींनी ते नाकारलं नाही, पण त्यांचा मुद्दा नेमका होता: “ते विचारलं तर सांगतं. हे न विचारता सांगतं.” थेंबांची वेळ झाली की नाही हे विचारायचं आठवण्यासाठीच तर घड्याळ हवं होतं.

तिसरा पर्याय माझा: घड्याळ नीट दुरुस्त करायचं. प्रश्न एवढाच होता की जागेवर की दुकानात नेऊन.

पहिला निर्णय आणि तो का चुकला

मी पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. चहा येईपर्यंत सव्वापाच झाले. घड्याळाने सा ग रे प वाजवलं आणि थांबलं.

ही साडेची पहिली ओळ. म्हणजे आजी म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं. त्यांचं ऐकणं शाबूत होतं, हे मी घरच्यांना तिथल्या तिथे सांगितलं आणि तेवढं काम माझ्याकडून बरोबर झालं. पुढचं अनुमान मात्र चुकलं. मी मूळचा दोन चाव्यांच्या घड्याळांवर शिकलेला माणूस. साडेची चाल अर्ध्यावर थांबली, म्हणजे चालीच्या गाडीत, म्हणजे ती चालवणाऱ्या चाकांच्या साखळीत, जोर नाही किंवा मोजणीची पट्टी लवकर पडते आहे, असं मी मनाशी धरलं. स्प्रिंग थकलेली असेल, तेल जाड झालं असेल. यंत्र पूर्ण खोलावं लागेल असं सांगून मी घड्याळ उतरवून घेतलं.

साडेपाचची चाल ऐकायला मी थांबलो नाही. पंधरा मिनिटांचा प्रश्न होता.

खरं तर त्या एका सव्वामध्येही खूण होती. दमलेलं घड्याळ लय सोडत जातं, शेवटचा स्वर येतो न येतो असा येतो. हे घड्याळ चार स्वर एका लयीत वाजवून, पट्टी खाचेत पडल्याचा टक्क आवाज करून थांबलं होतं. काम पूर्ण झाल्यावर थांबावं तसं. तो टक्क मी ऐकला होता. त्याचा अर्थ लावला नाही.

दुकानातले आठ दिवस

यंत्र उघडण्याआधी मी मार्करने खुणा केल्या. कुठलं चाक कुठल्या जागी आहे, रूळ कसा बसला आहे, सगळं टिपून, फोटो काढून. शिस्त म्हणून हे योग्यच आहे. मग सगळं सुटं केलं, धुतलं, छिद्रं तपासली. चालीची स्प्रिंग उत्तम होती. पट्टीची धार उत्तम होती. सुधारणेचा अडसर चोख काम करत होता. सापडलं काहीच नाही आणि तेव्हाच मला थांबायला हवं होतं.

मी खुणांबरहुकूम सगळं परत जोडलं. म्हणजे आधीच्या कारागिराने रूळ ज्या चुकीच्या जागी आवळला होता, नेमक्या त्याच जागी मी तो पुन्हा आवळला. जुनी स्थिती जपण्याची सवय चांगली, पण ती स्थिती बरोबर होती हे मी कशावरून धरलं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

यंत्र घोडीवर, म्हणजे दुकानातल्या स्टँडवर, लावून चाल मोजली. सव्वाला एक ओळ, साडेला दोन, पावणेला तीन, तासाला चार. मोजणी निर्दोष. दोन दिवस चालवलं, एकदाही चूक नाही. बरं झालं म्हणून मी त्या घरी फोन केला.

आजींचा फोन

फोन सूनबाईंनी घेतला आणि आजींना दिला. त्या म्हणाल्या, “आणायच्या आधी मला एकदा ऐकवाल का?”

अकरा वाजायला दोन मिनिटं होती. मी फोन घड्याळाजवळ धरला. चार ओळी वाजल्या, ठोके सुरू झाले. ठोके संपायच्या आत पलीकडून आवाज आला, “अहो, हे पंचमावर थांबलं.”

मला लगेच कळलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, “तास सा वर यायला हवा. तुमचा पंचमावर लोंबकळतोय. आणि सुरुवातही चुकली. सा ग रे प राहिलं कुठे?”

आजींनी लहानपणी हार्मोनियम शिकली होती, गांधर्वच्या मध्यमा परीक्षेपर्यंत. पन्नास वर्षं ती चाल त्यांनी रोज ऐकली होती आणि कानाने तिची सरगम कधीच करून ठेवली होती. मी म्हटलं, “आजी, सावकाश सांगता? लिहून घेतो.” त्यांनी सव्वा, साडे, पावणे आणि तास असे चारही तुकडे सरगमीत म्हणून दाखवले. जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून बिलाच्या पाठीवर मी लिहून घेतले.

मग दुपारपर्यंत घड्याळासमोर बसून ते प्रत्यक्षात काय वाजवतं ते शेजारी लिहिलं. सव्वाला दुसरी ओळ. साडेला तिसरी आणि चौथी. पावणेला पाचवी, पहिली, दुसरी. तासाला तिसरी, चौथी, पाचवी, पहिली. प्रत्येक जागी बरोबर एक ओळ पुढे. चारही तुकड्यांचा शेवट पाहिला तर चारही पंचमावर. तेव्हा अंगावर काटा आला. त्या घरात गेले काही आठवडे ते घड्याळ दिवसाचे चोवीस तास वाजत होतं आणि एकदाही सा वर टेकत नव्हतं. आजींना काय खटकत होतं ते त्या कागदावर दिसत होतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती

तिला पाच मिनिटं लागली. तासाची चाल आणि ठोके पूर्ण होऊ दिले, म्हणजे मोजणीची चकती सव्वाच्या तोंडाशी आली. रुळाच्या चाकावरचा स्क्रू सैल केला. रूळ त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हलके फिरवत नेला. उलटा फिरवला तर दात हातोड्यांच्या शेपट्यांत अडकून वाकतात. ग रे सा प ही सरळ उतरती ओळ पुढे वाजायची आहे अशी जागा आली की थांबलो. ही ओळ रुळावर डोळ्यांनाही दिसते, दात पायऱ्यांसारखे एकामागे एक येतात. एकही हातोडी अर्धवट उचललेली नाही हे पाहिलं आणि स्क्रू आवळला.

सव्वा: ग रे सा प. तासाभर बसून चारही तुकडे कागदाशी ताडून पाहिले.

एक गोष्ट नंतर कागदावर मांडून बघितली, ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. रूळ चुकीच्या जागी बसण्याच्या चार शक्यता आहेत. त्यातल्या तिघींत पूर्ण तास पंचमावर संपतो आणि कानाला लगेच बोचतो. चौथीत, रूळ तीन ओळी पुढे गेला असेल तर, तास पाचवी, पहिली, दुसरी, तिसरी असा वाजतो आणि सा वर येऊन थांबतो. नुसत्या शेवटावर विसंबलो तर ही चूक निसटते. म्हणून खात्रीची परीक्षा सव्वाची. पाचही ओळींत ग रे सा प ही एकच सरळ उतरती आहे. सव्वाला ती वाजली तर रूळ जागेवर आहे, नाही वाजली तर नाही.

घरी लावल्यानंतर

घड्याळ परत लावलं तेव्हा दोन गोष्टी उरल्या होत्या.

पंचमाची दांडी बद्द वाजत होती. हातोडीवरचं चामडं दगडासारखं कडक झालं होतं, शिवाय प्रवासात तिची तार किंचित वाकून हातोडी स्थिर असतानाही दांडीला टेकत होती. टेकलेली हातोडी सूर मारून टाकते. ती दांडीपासून दोनेक मिलिमीटर दूर राहील अशी तार वाकवली, चामडं बदललं. दुकानात हे लक्षात आलं नाही, कारण तिथे मी ओळी मोजत होतो, सूर ऐकत नव्हतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. वाड्यात घड्याळ सागवानी फळ्यांच्या भिंतीवर होतं. इथली भिंत शेजारच्या बेडरूमला लागून आणि तिथे तान्हं बाळ. या घड्याळाला चाल बंद करायची कळ आहे, पण आपोआप रात्री बंद होण्याची सोय नाही. कळ रात्री बंद आणि सकाळी चालू केली तर यंत्राला जुळून यायला वेळ लागतो, म्हणजे नेमके सकाळच्या थेंबांच्या वेळेला घोळ. आजींना रात्री जाग आली की किती वाजले ते कळायला हवं होतं, तेही खरंच. शेवटी घड्याळ बैठकीच्या आतल्या भिंतीवर हलवलं आणि मागे लाकडी फळी आणि नमद्याच्या चकत्या लावल्या. आवाज थोडा उतरला. शेजारच्या ताईंनी आठवड्याने सांगितलं की आता चालतं.

थेंबांचा घोळ पुन्हा झाला नाही. तरीही सूनबाईंनी दुपारी सव्वादोनला फोनचा गजरही लावून ठेवला आहे आणि ते मला योग्यच वाटतं. औषधाच्या बाबतीत एकाच यंत्रावर भिस्त नको.

आज हेच काम आलं तर

उतरवण्याआधी पूर्ण एक तास ऐकेन. चारही तुकडे सरगमीत लिहून घेईन. ओळींची संख्या चुकते की ओळी चुकतात हे त्या कागदावरच कळेल. संख्या चुकत असेल तर खोलावं लागेल, ओळी चुकत असतील तर स्क्रूचं काम आहे आणि ते भिंतीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर होतं. त्या घरच्या आजी आठ दिवस घड्याळाविना राहिल्या, ते टळलं असतं.

घरच्या माणसाला “काय बिघडलंय?” एवढंच विचारणार नाही. “आधी कसं वाजायचं, म्हणून दाखवा” असंही विचारेन. आजींना पहिल्याच दिवशी हे विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी त्यांच्याशी बोललो होतो, पण यंत्राबद्दल बोललो मुलाशी.

उघडण्याआधी केलेल्या खुणा या फक्त ‘आत्ता असं आहे’ एवढंच सांगतात, हे लक्षात ठेवून त्या करीन. आधी दुसऱ्या कुणाचा हात लागलेला असेल तर त्या खुणांवर वेगळं प्रश्नचिन्ह काढीन. आधीच्या कारागिराला मात्र मी दोष देणार नाही. त्यानेही ओळी मोजल्या असतील आणि त्या बरोबर भरल्या असतील, माझ्या भरल्या तशाच.

एका गोष्टीबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. पहिल्या भेटीत नातवाच्या क्वार्ट्झच्या सूचनेला मी जरा तोडून उत्तर दिलं. या घरी जुनं यंत्र राखणं बरोबर होतं, कारण चावी द्यायला माणसं आहेत आणि ऐकायला आजी आहेत. पण तोच मुलगा पुढे हे घड्याळ सांभाळणार आहे. तेव्हा त्याला यंत्र उघडून दाखवायला हवं होतं. ते मी नंतर केलं. घड्याळ लावायला गेलो त्या दिवशी त्याला रूळ, चकती आणि स्क्रू दाखवला, पहिली ओळ रुळावर बोटाने शोधायला लावली. त्याला ती दुसऱ्या प्रयत्नात सापडली.

बिलाच्या पाठीवरची ती सरगम त्याने सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे. पाच ओळी आणि खाली: सव्वा १, साडे २-३, पावणे ४-५-१, तास २-३-४-५. त्याखाली दर रविवारी चावी दिल्याची तारीख टाकायला त्याने रकाना आखला आहे. मी गेल्या महिन्यात तेल घालायला गेलो तेव्हा त्यात अकरा तारखा होत्या, शेवटच्या तीन त्याच्या अक्षरातल्या.